बालगायकांची अकाल कीर्ति

आठ वर्षांच्या पोरानें भर सभेंत एखादी बिकट तान घेतली, कीं श्रोते माना डोलावतात आणि शेजाऱ्याला हळूच विचारतात, “वय काय हो याचें?” निम्मी दाद त्या वयाला असते. आणि वय तर दरसाल वाढत जाणारें! बालगायकाच्या कीर्तींतील मेख येथेंच आहे.

शिवपुत्र कोमकळीमठ या मुलाचा जन्म १९२४ सालीं बेळगांवजवळील सुळेभावी येथें झाला. वडील स्वतः गाणारे. तथापि मुलाच्या गळ्यावर खरा संस्कार झाला तो ध्वनिमुद्रिकांचा. नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकून तो त्या लकबींसह हुबेहूब गाऊन दाखवी. लहानपणींच त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली, जलसे होऊं लागले, आणि मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेंत अकरा-बारा वर्षांच्या या मुलानें जाणत्यांनाहि थक्क केलें. आतां शिकावयाचें काय उरलें, असें एखाद्या पालकास वाटतें तर त्यांत नवल नव्हतें.

परंतु त्याला विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य प्रो. बी. आर. देवधर यांच्या मुंबईच्या विद्यालयांत ठेवण्यांत आलें. बड्या बड्यांच्या गायकीची नक्कल करणारें पोर तेथें रागांचें व्याकरण शिकूं लागलें. टाळ्यांची चटक लागलेल्या मुलाला पुन्हां विद्यार्थी करणें हें सोपें काम नव्हे. त्याला गुरूहि तसाच खंबीर लागतो, आणि मिळकतीवर पाणी सोडणारे वडीलधारेहि लागतात.

याच वयांत आवाज फुटतो. कंठांतील स्वरतंतु लांब व जाड होतात, आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो, आणि कालपर्यंत सहज लागणारा तारषड्ज आज दगा देतो. त्या दिवसांत गळ्याला विसांवा हवा. आगाऊ रक्कम घेऊन ठरविलेला जलसा तो कोठून देणार? नाटक मंडळ्यांतील किती गोड गळे असे ताणून वायां गेले असतील!

कांहींच्या वाट्याला हा कसोटीचा काळ पुरा येतच नाहीं. पंजाबांत १९२७ सालीं जन्मलेला मास्टर मदन बालपणींच देशभर गाजला आणि १९४२ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं वारला. त्याच्या मृत्यूविषयीं अफवा पुष्कळ पसरल्या. तो दोष कीर्तीच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें नाहीं. त्याचीं मोजकीं आठ गाणीं ध्वनिमुद्रित आहेत.

कुमार गंधर्वांची कसोटी तरुणपणीं पुन्हां लागली. क्षयानें एक फुप्फुस निकामी झालें. १९४८ सालीं ते हवापालटासाठीं देवासला गेले, आणि कित्येक वर्षें गाण्यास मनाई होती. टाळ्यांत वाढलेला हा गायक तेथें अंथरुणावर पडून माळव्यांतील बायाबापड्यांचीं लोकगीतें ऐकत राहिला. १९५३ च्या सुमारास ते पुन्हां मैफलींत बसले, तेव्हां त्यांच्या गाण्यांत माळव्याची ती धून मिसळलेली होती.