सोनं आणि उजेड

आज एका चित्रातल्या उजेडाविषयी बोलायचं आहे. रेम्ब्रांटचं ‘डॅनाए’ हे चित्र रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

कथा ग्रीक पुराणातली. मुलीचा मुलगा तुझा जीव घेईल, अशी देववाणी अर्गोसचा राजा ऐकतो. आपल्याला इथे कंस आठवेलच. राजा मुलीला, डॅनाएला, कोठडीत कोंडतो. देवांचा राजा झ्यूस मात्र सोन्याच्या पावसाचं रूप घेऊन तिथेही पोचतो. इटलीच्या तिशियनने हा प्रसंग अनेकदा रंगवला. त्याच्या एका चित्रात वरून नाणी पडतात आणि म्हातारी दासी ती झेलायला कापड पसरते.

रेम्ब्रांटने १६३६च्या सुमारास हेच चित्र काढायला घेतलं आणि काही वर्षांनी चेहऱ्यासकट बरंचसं पुन्हा रंगवलं. आज त्यात एकही नाणं दिसत नाही. दासी पडदा बाजूला करते आहे आणि डावीकडून ऊबदार उजेड आत येतो आहे. झ्यूस आहे तो एवढाच.

मग सोनं कुठे आहे? ते पलंगाच्या नक्षीत आहे. उशाशी वर सोनेरी मदनाची मूर्ती आहे. त्याचे हात बांधलेले आहेत आणि तो रडतो आहे. मला वाटतं, रेम्ब्रांटने इथे सोनं तुरुंगाच्या बाजूला ठेवलं आणि सुटका उजेडाकडे दिली. डॅनाएने हात उचलला आहे. तो ‘ये’ म्हणतो की ‘थांब’? कोंडलेल्या माणसाला उजेड हवा असतो आणि तो डोळ्यांना खुपतोही. मला त्या हातात दोन्ही दिसतं.

१५ जून १९८५ रोजी एका माणसाने या चित्रावर चाकूने वार केले, ॲसिड फेकलं. रेम्ब्रांटचा उजेड रंगांच्या पातळ, पारदर्शक थरांतून उभा राहतो; नेमके तेच बऱ्याच जागी गेले. जाणकारांनी उरलेलं जपण्यासाठी बारा वर्षं खपून १९९७ मध्ये चित्र पुन्हा लोकांसमोर आणलं. इतकं सोसूनही पडद्यामागून येणारा उजेड अजून कळतो.

असं जुनं चित्र समोर आलं, की गोष्ट माहीत नसली तरी अडत नाही. उजेड कुठून येतो, कुणावर पडतो आणि कुणाला टाळतो, एवढं आधी पाहावं. पुष्कळशी गोष्ट तिथेच सापडते.