कडू मुळाचा रस

(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी तुम्हाला युगांडाच्या उत्तर भागातील अचोली लोकांविषयी सांगणार आहे. जोसेफ कोनीच्या बंडखोर सैन्याने तेथे सुमारे वीस वर्षे धुमाकूळ घातला. हजारो मुलांना पळवून नेले आणि त्यांच्या हातून शेजाऱ्यांचे, कधी स्वतःच्या नातेवाइकांचेही खून करविले. दहा लाखांहून अधिक लोक छावण्यांत राहिले. पळवून नेतील या भीतीने गावोगावची मुले रात्री चालत शहरात झोपायला येत. २००३ साली आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओदामा गुलू शहरात त्या मुलांबरोबर रस्त्यावर झोपले, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले.

२००० साली सरकारने माफीचा कायदा केला. शस्त्र टाकून मुले परत येऊ लागली. पण ज्याच्या हातून रक्त सांडले त्याला घरात घ्यायचे कसे?

अचोलींनी आपल्या जुन्या रीती बाहेर काढल्या. परत आलेला मुलगा अंगणात शिरण्याआधी कच्च्या अंड्यावर पाय ठेवतो. अंडे म्हणजे निष्पाप जीव. ते फुटले की घरचे लोक त्याला आत घेतात. हे झाले स्वागत.

खुनाचा समेट मात्र इतका सोपा नाही. त्याला ‘मातो ओपुत’ म्हणतात, म्हणजे ओपुत झाडाच्या कडू मुळाचा रस पिणे. खून झाल्यावर दोन कुळांचे खाणेपिणे, सोयरीक सारे बंद होते. वडीलधारी माणसे मध्यस्थी करतात. खुनी सत्य कबूल करतो. त्याचे सारे कूळ मिळून भरपाई देते. मग दोन्ही बाजूंची माणसे गुडघे टेकून एकाच भांड्यातून तो रस पितात. ज्याचे माणूस गेले त्यालाही तो प्यावा लागतो.

या रीतीला मर्यादाही आहेत. युद्धात कोणी कोणाला मारले हे अनेकदा ठाऊकच नसते; मग कबुली द्यायची कोणाला, भरपाई कोणत्या कुळाला? म्हणून मोठ्या गुन्ह्यांसाठी न्यायालय हवे, असे तेथील अनेकजण म्हणतात. ते मला पटते.

तरी एक गोष्ट आपण शिकावी. आपण मंडळीत दुखावलेल्या माणसाला लगेच म्हणतो, “क्षमा कर, विसरून जा.” ज्याने दुखावले त्याला मात्र काहीच विचारत नाही. अचोली वडीलधारी आधी कबुली घेतात, भरपाई ठरवतात आणि मगच भांडे पुढे करतात. वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूनेही सांगितले, ते दुखावणाऱ्यालाच.

पाड्यावरील भांडण मिटवायला जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही घाई करू नये. तेथील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, दोन्ही घरांचे ऐकावे. त्यांच्यासाठी आणि अचोली मातांसाठी प्रार्थना करा. काहींची मुले अजून परत आलेली नाहीत.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो.