खोटं विमान, खरी हवा



माझी ओळख ‘सॉफ्टवेअर इंजिनीअर’ अशी करून दिली, म्हणजे मी काय करते ते कुणालाच कळलं नसणार. नोकरीतलं काही सांगत नाही, ते ऐकून तुम्ही जेवणाकडे पळाल. सुट्टीच्या दिवशी मी एका छोट्या गटाबरोबर रिमोटवर उडणाऱ्या ग्लायडरचा सिम्युलेटर तयार करते, त्याबद्दल बोलते.

ग्लायडरला इंजिन नसतं. ते सतत खाली घसरत असतं, फक्त सावकाश. एक मीटर खाली येताना १५ मीटर पुढे जाणारं मॉडेल घ्या. सेकंदाला ८ मीटर वेगाने ते १०० मीटर उंचीवरून तीन-सव्वातीन मिनिटांत जमिनीला टेकतं. जास्त वेळ उडायचं तर वर चढणारी हवा शोधावी लागते. दुपारच्या सुट्टीत घारी पंख न हलवता गोल गोल वर जाताना आपण पाहिल्यात, त्या हेच करत होत्या.

सोप्या हिशेबात विमान म्हणजे एक बिंदू धरतात. हवा वर चालली की बिंदूही वर, संपलं. प्रत्यक्षात तीन मीटर पंखांचं ग्लायडर चढत्या हवेच्या कडेला आलं की आधी एकच पंख उचलला जातो. खाली रिमोट धरून उभ्या असलेल्याला विमानाचा हिसका जाणवत नाही, उचललेला पंख हीच त्याची खूण. वळायचं त्याच बाजूला. बिंदू धरला की ही खूणच नाहीशी होते. म्हणून आम्ही पंखाचे तुकडे करून प्रत्येकावरची हवा वेगळी मोजतो. वळणाचंही तसंच. १० मीटर त्रिज्येच्या वळणात मधला भाग ८ च्या वेगाने जात असेल, तर आतलं टोक ७ च्याही खाली आणि बाहेरचं ९ च्या वर असतं. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. काठी जास्त ओढली की आतलं टोक आधी हार मानतं आणि विमान गिरकी घेत खाली येतं.

लहान, संथ पंखाला हवा जास्त चिकट लागते. मोठ्या विमानाचे आकडे त्याला लावले तर मॉडेल पडद्यावर फारच छान उडतं! इलिनॉय विद्यापीठात मायकेल सेलिग यांच्या गटाने असे पंख वातबोगद्यात मोजले, एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी एक्सफॉइल हा प्रोग्रॅम लिहिला. आमच्यासारख्यांचं निम्मं काम या मंडळींनी आधीच करून ठेवलंय.

आता वर्गातली नदी आणि नावेची गणितं आठवा. सर, ती तेव्हा आम्हाला छळ वाटायची. हवेत ८ च्या वेगाने जाणारं ग्लायडर ५ च्या वाऱ्याबरोबर वळलं की जमिनीवरून १३ ने धावताना दिसतं. बघणारा घाबरतो, वेग कमी करायला नाक वर करतो. हवेतला वेग मात्र ८ वरून घटत जातो, पंखावरची हवा सुटते आणि विमान कोसळतं. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नाही.

आमच्या गटात सध्या वाद आहे तो याच क्षणावरून. काहींचं म्हणणं, नवख्यांसाठी इथे गुपचूप सावरून घ्यावं, नाहीतर लोक कंटाळून सोडून देतील. मी विरोधात आहे. नवख्याला वारा कमी द्या, उंची जास्त द्या, पण भौतिकशास्त्र तेच ठेवा. आमच्या सोसायटीतला नववीतला एक मुलगा दिवाळीपासून बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापून ग्लायडर बांधतोय. सराव आमच्या सिम्युलेटरवर करतो. परीक्षा झाली की टेकडीवर जाणार आहे आणि तिथे त्याला कुणी गुपचूप सावरणार नाही.

लॅपटॉप आणि रिमोट चहाच्या टेबलाजवळ ठेवलाय. वारा ५ वर लावलाय. मागच्या बाकावरच्यांनी आधी यावं.