भिंतीवरील शुभवर्तमान

ज्या काळी ग्रंथ हाताने लिहिले जात आणि वाचता येणारा माणूस विरळा असे, त्या काळी सामान्य ख्रिस्ती भाविकाला बायबलमधील कथा प्रवचनातून ऐकावयास मिळत आणि देवालयाच्या भिंतींवर पाहावयास मिळत. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपांनी आपल्याकडील प्रतिमा मोडून टाकल्या. तेव्हा पोप पहिले ग्रेगरी यांनी त्यांना पत्राने कळविले की, साक्षराला जे लेखनातून मिळते तेच निरक्षराला चित्रातून मिळते. तथापि चित्राची रीत निराळी आहे. कथा एका घटनेमागून दुसरी सांगत पुढे जाते. चित्रकाराला मात्र एकच क्षण निवडून त्यात मागचे-पुढचे सारे साठवावे लागते.

ही निवड किती अचूक असू शकते याचा दाखला इटलीतील पादुआ नगरीत आहे. संत अंतोनीमुळे हे नाव गोव्यातील ख्रिस्ती घरांत चांगले परिचयाचे आहे. तेथे एन्रिको स्क्रोवेन्यी नावाच्या धनिकाने एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधविले. २५ मार्च १३०५ रोजी त्याचा प्रतिष्ठापनाविधी झाला. त्याच्या भिंती जोत्तो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रंगविल्या. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावावयाचा आणि तो ओला आहे तोवर काम आटोपावयाचे, अशी ती पद्धत होती. रंग गिलाव्यात मुरले की चूक सुधारण्यास फारसा वाव नसे.

एन्रिकोचा पिता सावकार होता. व्याज घेणे त्या काळी पाप मानले जाई आणि दान्ते कवीने तर या पित्याला आपल्या महाकाव्यात नरकातील सावकारांच्या पंक्तीला बसविले आहे. पित्याच्या पापाचे क्षालन व्हावे म्हणून पुत्राने हे मंदिर उभारले, असा समज फार जुना आहे.

अशा मंदिरात पैशासाठी झालेल्या विश्वासघाताची कथा कशी रंगवावयाची? जोत्तोने ती आडबाजूला ढकलली नाही. वेदीपुढील कमानीवरच यहूदा इस्कर्योत पैशाची थैली हाती धरून पुरोहितांसमोर उभा आहे. त्याच्या पाठीशी काळा सैतान आहे. यहूदाच्या अंगावर पिवळा झगा आहे. पुढे उजव्या भिंतीवर येशूला धरून देण्याचा प्रसंग येतो, तेव्हा न वाचणाराही त्या झग्यावरून यहूदाला ओळखतो. यहूदाने येशूला कवेत घेतले आहे आणि येशूचे शरीर त्या पिवळ्या झग्याआड जवळजवळ लोपले आहे. वर मशाली, भाले आणि सोटे यांची गर्दी उसळली आहे. पण मध्यभागी दोन मुखे अगदी जवळ आली आहेत. शुभवर्तमानात येशू यहूदाला प्रश्न विचारतो. चित्राला वाणी नाही. तो प्रश्न तेथे येशूच्या स्थिर नजरेने विचारला आहे. त्या नजरेत क्रोध नाही, म्हणूनच ती अधिक जड वाटते.

समोरच्या भिंतीवर क्रूसावरून उतरविलेल्या येशूभोवती आप्तजन विलाप करीत आहेत. खडकाची उतरती कड पाहणाऱ्याची दृष्टी खाली ओढीत मातेच्या आणि पुत्राच्या मुखांपाशी आणून सोडते. पुढे बसलेल्या दोन व्यक्ती पाठमोऱ्या आहेत. त्यांच्या मागे उभा राहणारा भाविक नकळत त्याच शोकमंडळात सामील होतो. आकाशात देवदूतही आक्रोश करीत आहेत.

उपासना आटोपून भाविक दाराकडे वळला की दारावरच्या भिंतीवर अंतिम न्याय दिसतो. तेथे नरकात काही सावकार आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनी लटकलेले आहेत. दुसऱ्या बाजूस, क्रूसाच्या पायथ्याशी, एन्रिको स्वतः गुडघे टेकून मंदिराची प्रतिकृती पवित्र मरियेला अर्पण करीत आहे. ज्याने मूल्य मोजले त्याच्या देखत, त्याच्याच मंदिरात, चित्रकाराने थैलीची कथा शेवटापर्यंत नेली आणि त्याच्यासाठी क्षमेची जागाही राखून ठेवली.

११ मार्च १९४४ रोजी बाँबवर्षावात शेजारचे एरेमितानी देवालय उद्ध्वस्त झाले आणि तेथील मान्तेन्याची भित्तिचित्रे बहुतांशी नष्ट झाली. जोत्तोच्या भिंती मात्र वाचल्या. २०२१ मध्ये युनेस्कोने पादुआतील चौदाव्या शतकातील भित्तिचित्रांना जागतिक वारशाचा मान दिला. आता तेथे जाणारा बहुतेक प्रत्येक जण साक्षर असतो. परंतु ती नजर आणि ती थैली समजण्यासाठी त्याला आजही अक्षरांची गरज पडत नाही.