घड्याळाची मध्यरात्र



घरांतील जुनें कपाट आवरतांना एखाद्या पितळी डब्यांत वडिलांचें मनगटी घड्याळ सांपडावें, सहज हातांत घेऊन हलवावें, आणि वर्षानुवर्षें निश्चल असलेला त्याचा सेकंदकाटा एकाएकीं चालूं लागावा, असें पुष्कळ घरांत घडतें. घड्याळ अजून जिवंत आहे या आनंदांत लगेच किल्ली ओढून वेळ आणि तारीख लावण्याची घाई होते. तीस-चाळीस वर्षें डब्यांत सुखरूप राहिलेलें घड्याळ नेमकें या एका मिनिटांत बिघडूं शकतें. तें कां बिघडतें आणि तसें होऊं नये म्हणून काय करावें, हें आज सांगावयाचें आहे.

आपल्याकडे अशीं घड्याळें बहुधा एच्. एम्. टी. चीं असतात. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ सालीं स्थापन झाली, आणि जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं बंगलोर येथें तिचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. वर्ध्याच्या मास्तरांपासून हिंगणघाटच्या कापूस-व्यापार्‍यापर्यंत पुष्कळांच्या मनगटावर हीं घड्याळें आलीं. 'कांचन' नांवाचें तिचें स्वयंचलित घड्याळ लग्नांत जांवयाला देण्याची वस्तु म्हणून प्रसिद्ध होतें. तारखेच्या शेजारीं वार दाखविणार्‍या या घड्याळांत वारांचीं नांवें इंग्रजीबरोबर हिंदींतहि असत. पुढें २०१६ सालीं हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारनें घेतला. त्यामुळें अशा घड्याळांतील एखादें चाक मोडलें तर नवें चाक सहजासहजीं मिळत नाहीं. कारागिराला दुसर्‍या जुन्या घड्याळाचा भाग काढून बसवावा लागतो. वडिलांच्या घड्याळासाठीं दुसर्‍या कोणाच्या तरी वडिलांचें घड्याळ उघडावें लागतें, असा याचा अर्थ आहे.

'स्वयंचलित' हा शब्द थोडा फसवा आहे. त्यामुळें हें घड्याळ सर्वच कांहीं आपोआप करतें अशी समजूत होते. वस्तुतः तें एकच काम आपोआप करतें, आणि तें म्हणजे स्वतःला किल्ली देणें. वर्ध्याच्या श्रोत्यांना गांधीजींच्या कमरेला लटकणारें घड्याळ ठाऊक आहेच. ३० एप्रिल १९३६ रोजीं ते सेगांवास राहावयास आले. त्याच गांवाला पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथील प्रार्थना, सूतकताई, भेटीगांठी हें सर्व घड्याळाच्या काट्यावर चाले. पण त्या जातीच्या घड्याळाला रोज हातानें किल्ली द्यावी लागे. माणसानें नेम चुकविला तर घड्याळहि नेम चुकवी. स्वयंचलित घड्याळांत हा रोजचा नेम यंत्रानें आपल्याकडे घेतला. त्याच्या पोटांत अर्धवर्तुळाच्या आकाराचें एक वजन असतें. मनगट हललें कीं तें गरगर फिरतें आणि त्याच्या फिरण्यानें आंतील गुंडाळलेली कमान आवळली जाते. पुरती आवळलेली कमान घड्याळाला साधारण चाळीस तास चालविते. म्हणूनच शनिवारीं सकाळीं काढून ठेवलेलें घड्याळ सोमवारीं थांबलेलें आढळतें, आणि वेळ व तारीख लावण्याचा प्रसंग पुनःपुन्हां येतो.

या प्रसंगाला मोठा इतिहास आहे. मनगटी घड्याळ आपोआप आवळलें जावें अशी रचना इंग्रज घड्याळजी जॉन हारवुड यानें केली आणि १९२४ सालीं तिचें स्वित्झर्लंडमधील पेटंट त्याला मिळालें. किल्लीच्या भोंकांतून धूळ व दमटपणा आंत शिरतो म्हणून त्यानें बाजूची किल्लीच काढून टाकली. कांचेभोंवतीचें कडें फिरवून त्याच्या घड्याळांत वेळ लावीत. १९३१ सालीं रोलेक्स कंपनीनें पुरें वर्तुळ फिरणार्‍या वजनाचें घड्याळ आणलें, आणि १९४५ सालीं तबकडीवरील खिडकींत तारीख आपोआप बदलून दाखविणारें स्वयंचलित घड्याळहि तिनेंच बाजारांत ठेवलें. पुढें तारीख झटपट बदलण्यासाठीं किल्लीला एक जादा टप्पा मिळाला. ही सोय मोठी आहे, आणि धोकाहि नेमका तेथेंच आहे.

तबकडीच्या खालीं एक पातळ चकती असते. तिच्यावर १ ते ३१ हे आंकडे छापलेले असतात आणि तिच्या आंतल्या कडेला एकतीस दांते असतात. तासकाटा दिवसांतून दोन फेरे करतो. त्याच्याशीं जोडलेलें दुसरें एक चाक चोवीस तासांत एकच फेरा करतें. त्या चाकावर बोटासारखा एक पुढें आलेला भाग असतो. दिवसभर तो मोकळाच फिरत असतो. रात्रीं मात्र तो चकतीच्या एका दांत्याला जाऊन टेकतो, त्याला हळूहळू रेटतो, आणि बाराच्या सुमारास चकती एक घर पुढें सरकते. आपल्या पंचांगांतील वार सूर्योदयाला बदलतो. घड्याळाची तारीख मध्यरात्रीं बदलते. परंतु घड्याळाची ही मध्यरात्र फार लांब असते. तिचें काम रात्रीं नऊच्या सुमारास सुरू होतें आणि पहाटे तीनपर्यंत पुरतें संपलेलें नसतें. वार दाखविणार्‍या घड्याळांत तर वाराची चकती कधीं कधीं चार वाजेपर्यंत सरकत असते.

या वेळांत किल्ली मधल्या टप्प्यावर ओढून तारीख बदलूं पाहिली तर काय होतें? आंतून ते बोट दांत्याला धरून बसलेलें असतें, आणि बाहेरून आपण तीच चकती दुसर्‍या चाकानें ढकलीत असतों. चरखा चालविणार्‍याला ही अवस्था चटकन् समजेल. चातीवर गुंता झालेला असतां धागा ओढला तर तो तुटतो. वर्ध्याच्या मगन संग्रहालयांत चरख्यांचे नाना प्रकार मांडलेले आहेत; १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें तें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें चित्र डोळ्यांपुढें आणतां येईल. फरक इतकाच कीं, तुटलेलें सूत पुन्हां सांधतां येतें. झिजलेला किंवा मोडलेला दांता सांधतां येत नाहीं. कांहीं नव्या घड्याळांत अशा वेळीं बोट मागें सरकावें अशी योजना असते. पण आपल्या हातांतील घड्याळ त्यांपैकीं आहे कीं नाहीं हें बाहेरून दिसत नाहीं, म्हणून सर्व घड्याळांना एकच नियम लावणें शहाणपणाचें.

तो नियम असा कीं, घड्याळांत रात्र असतांना तारखेला हात लावूं नये. येथें 'घड्याळांत' हा शब्द महत्त्वाचा आहे. थांबलेल्या घड्याळाचे काटे दहा वाजलेले दाखवितात. ते सकाळचे दहा कीं रात्रीचे दहा, हें तबकडी सांगत नाहीं. आपल्या खिडकींतून ऊन येत असेल, आणि घड्याळाच्या पोटांत मात्र मध्यरात्रीचें काम अर्ध्यावर येऊन थांबलेलें असेल. तेव्हां प्रथम घड्याळाला त्याची स्वतःची वेळ विचारून घेतली पाहिजे.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. घड्याळ प्रथम मनगटावरून काढावें, कारण मनगटावर असतांना किल्ली तिरपी ओढली जाते आणि तिच्या बारीक दांड्यावर ताण पडतो. किल्लीला आटे असतील तर ते आधीं हलक्या हातानें उलगडावे. नंतर किल्ली आंतच ठेवून पुढच्या दिशेनें वीस-तीस वेळां फिरवावी, म्हणजे कमानीला जोर येतो. कांहीं स्वयंचलित घड्याळांना हातानें किल्ली देण्याची सोय नसते. तीं अर्धें मिनिट आडवीं धरून हळुवारपणें डोलवावीं. जोरानें झटकूं नयेत.

मग किल्ली शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढावी आणि काटे पुढच्या दिशेनें सावकाश फिरवावे. दृष्टि तारखेच्या खिडकीवर ठेवावी. बाराच्या आसपास तारीख बदलली तर ती घड्याळाची मध्यरात्र. बदलली नाहीं तर ती त्याची दुपार होती असें समजून आणखी बारा तास काटे पुढें न्यावे. मध्यरात्र सांपडली कीं तेथून सकाळच्या सहापर्यंत यावें. या वेळीं दोन्ही काटे एका उभ्या रेषेंत असतात, आणि आंतील बोट दांत्यापासून दूर गेलेलें असतें.

आतां किल्ली एक टप्पा आंत सारून तारीख लावावी. पण आजची लावूं नये, कालची लावावी. आज १५ तारीख असेल तर १४ लावावी. वार असेल तर तोहि कालचाच. आज पहिली तारीख असेल, तर सरलेला महिना कितीहि दिवसांचा असो, ३१ लावावी. मग किल्ली पुन्हां शेवटच्या टप्प्यावर ओढून काटे पुढें न्यावे. एकदां दुपारचे बारा जातील, नंतर रात्रीचे बारा येतील, आणि खिडकींत आजची तारीख आपोआप उभी राहील. सकाळची वेळ लावावयाची असेल तर तेथून त्या वेळेपर्यंत यावें. दुपारनंतरची असेल तर तासकाटा आणखी एकदां बारावरून न्यावा. शेवटीं किल्ली पुरती आंत दाबावी, आटे असल्यास फिरवून बसवावे. ही शेवटची कृति विसरली तर विदर्भाच्या पावसाळ्यांत पाण्याचा एक थेंबहि घड्याळाला पुरेसा होतो. जुन्या घड्याळांपैकीं कांहींत तारखेचा वेगळा टप्पा नसतो. तेथें काटेच पुढें फिरवीत तारीख गांठावी.

कालची तारीख लावून आजपर्यंत चालत येण्याचा हा वळसा कित्येकांना निरर्थक वाटतो. त्यांत जातें एखादें मिनिट, आणि मिळतात दोन गोष्टी. तारीख बदलणारें यंत्र नीट चालतें हें आपल्यासमोर सिद्ध होतें. आणि घड्याळांतील सकाळ ही आपलीहि सकाळ आहे याची खात्री पटते. एरवीं दुपारीं बारा वाजतां तारीख बदलणारें घड्याळ हातांत घालून आपण दिवसभर चुकीची तारीख लिहीत राहतों.

काटे मागें फिरविण्याविषयीं दोन शब्द. दुसर्‍या महायुद्धाच्या काळांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, आपल्या देशांतील घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं आणि युद्ध संपल्यावर तीं पुन्हां मागें घेतलीं. तेव्हांच्या साध्या घड्याळांना त्यांत कांहींच इजा नव्हती. तारखेच्या घड्याळांत दिवसा दोन-चार मिनिटें मागें येण्यास हरकत नाहीं. बाराच्या आसपास मात्र काटे उलटे फिरवूं नयेत. चुकून पुढें गेलों तर पुढेंच जाऊन फेरा पुरा करावा.

कोणत्या वेळेला घड्याळ लावावें, हाहि प्रश्न आहे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईनें मात्र तिच्याहून ३९ मिनिटें मागें असलेली आपली स्वतंत्र वेळ पुढें कित्येक वर्षें टिकविली. प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि वर्धा तिच्या पश्चिमेस सुमारें चार अंशांवर आहे. त्यामुळें येथील सूर्य सरासरीनें साडेपंधरा मिनिटें उशिरा माथ्यावर येतो. त्यांतहि ऋतूप्रमाणें फरक पडतो: नोव्हेंबरच्या आरंभीं तो बाराच्या सुमारास माथ्यावर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला साडेबारा होतात. म्हणून अंगणांतल्या सावलीवर घड्याळ न लावतां मोबाईल फोनवरील वेळ प्रमाण धरावी. यांत्रिक घड्याळ दिवसाला कांहीं सेकंद मागें-पुढें होणारच. तो त्याचा स्वभाव समजावा.

महिन्यांची लांबीहि या घड्याळाला कळत नाहीं. त्याच्या दृष्टीनें प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर, म्हणजे वर्षांतून पांच वेळां, तारीख हातानें सुधारावी लागते. भिंतीवरील कालनिर्णयाचें पान उलटतांना हें काम करावें. मात्र पहिल्या तारखेला रात्रीं बाराला जागून करूं नये, सकाळीं चहा झाल्यावर करावें. एरवीं एक घर पुढें जावें लागतें. १ मार्चला मात्र तीन, आणि लीप वर्षीं दोन.

शेवटची सूचना डब्यांतून निघालेल्या घड्याळासाठीं. त्यांतलें तेल वाळून गेलेलें असतें. तें हलवितांच चाललें तरी रोजच्या वापराला काढण्यापूर्वीं जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावें, आणि तोंवर तारखेचा खेळ करूं नये. किल्ली फिरवितांना बोटाला किंचितहि अडथळा जाणवला तर तेथेंच थांबावें. जोर लावणारा हात त्या वेळीं कधींहि जिंकत नाहीं. सहा वाजेपर्यंत काटे पुढें न्यावे, आणि मग पुन्हां पाहावें. बहुतेक वेळां अडथळा नाहींसा झालेला असतो. तरीहि तो राहिला, तर घड्याळ जसें आहे तसें कारागिराच्या हातीं द्यावें.