जुन्या नोंदवहीची वकिली



"तिकडच्या आदिवासींमध्ये तुम्ही काय काम करता ते आम्हाला सांगा," असा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलेच. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, शिक्षिकाही नाही. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे बसून मी संगणकातल्या नोंदी सांभाळते. त्यात सांगण्यासारखं काय असणार? पण एकदा याच नोंदींसाठी मला माझ्या वरिष्ठांशी वर्षभर वाद घालावा लागला. तो वाद तुम्हाला सांगते, कारण पाड्यावर दवाखाना चालवणाऱ्यांना तो परका वाटणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या ५७०हून अधिक जमातींना सरकारी मान्यता आहे. त्यांच्या आरोग्यासाठी 'इंडियन हेल्थ सर्व्हिस' नावाचं सरकारी खातं आहे. १९७५ साली कायदा झाला आणि ज्या जमातीला इच्छा असेल तिला आपला दवाखाना स्वतः चालवायची मुभा मिळाली. आमचा दवाखाना अशा एका जमातीचा. त्यामुळे आमचे मालक म्हणजे जमातीनेच निवडलेलं आरोग्य मंडळ, आणि त्यांच्या हाताखाली व्यवस्थापक.

या दवाखान्यांत 'आरपीएमएस' नावाची संगणक यंत्रणा १९८०च्या दशकापासून चालत आली आहे. रुग्णाचं नाव, त्याची प्रत्येक भेट, लसी, तपासण्या, औषधं, सगळं तिच्यात. ही यंत्रणा ज्या डेटाबेसवर उभी आहे त्याचं नाव 'मम्प्स'. हो, हसा. मम्प्स म्हणजे गालगुंड. नाव ठेवणाऱ्यांना आजार माहीत नव्हता असं नाही. ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्येच काम करत होते. १९६६-६७च्या सुमारास डॉक्टर ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत नील पापालार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. पुढे लोक नुसतं 'एम' म्हणू लागले, ते बरं झालं.

आज जगभर डेटाबेस म्हटलं की टेबलं डोळ्यांपुढे येतात, म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने. हिशेबाला ती पद्धत उत्तमच. पण आजारी माणूस रकान्यात मावत नाही. एक जण सर्दीसाठी येतो, रक्तदाब पाहून जातो. दुसरीच्या मागे तीस वर्षांचा मधुमेह, दोन बाळंतपणं, डोळ्यांची शस्त्रक्रिया. टेबलांच्या पद्धतीतही हे बसवता येतं, नाही असं नाही. पण एका माणसाची हकीगत अनेक टेबलांतून वेचून आणावी लागते. एम मध्ये माहिती झाडासारखी वाढते. खोड म्हणजे रुग्ण, फांद्या म्हणजे भेटी, डहाळ्या म्हणजे त्या त्या दिवशीच्या तपासण्या. ज्याला फांदी नाही त्याच्यासाठी रिकामी जागा अडवून ठेवावी लागत नाही. आणि रुग्णाच्या क्रमांकाला हात घातला की त्याचं सगळं झाड एकदम हातात येतं.

एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एम मध्ये दिवसांची मोजणी ३१ डिसेंबर १८४० पासून सुरू होते. का, तर ही मोजणी ठरवणाऱ्याच्या वाचनात अमेरिकेतल्या यादवी युद्धातला एक शंभरी कधीच ओलांडलेला सैनिक आला होता. त्याचीही जन्मतारीख शून्याच्या खाली जाता कामा नये, एवढाच त्यातला विचार. सगळ्यात म्हाताऱ्या माणसासाठी जागा ठेवून ज्यांनी मोजणी सुरू केली, त्यांच्याबद्दल मला आपुलकी वाटते. असो.

तर वाद. आमचे व्यवस्थापक एका बैठकीत म्हणाले, हा डेटाबेस काढून टाकू आणि बाजारातला एक नावाजलेला संच घेऊ. त्यांची कारणं खोटी नव्हती. एम शिकलेली तरुण मुलं मिळत नाहीत. पडदे जुनाट दिसतात. आणि सगळं ओझं एका बाईवर, म्हणजे माझ्यावर. मी आजारी पडले तर?

मी तयारी करून गेले आणि चाळीस मिनिटं बोलले. वेग किती, जागा किती वाचते, आकृत्या, आकडे. शेवटी हिशेबाच्या साहेबांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला यंत्रणा वाचवायची आहे की तुमची नोकरी?"

त्या रात्री मी जेवले नाही. राग आला होता, पण राग ओसरल्यावर लक्षात आलं की प्रश्न रास्त होता. मला दुसरं काही फारसं येत नव्हतं, हे खरंच होतं.

दुसऱ्या बैठकीत मी तिथूनच सुरुवात केली. म्हटलं, "साहेब, माझा स्वार्थ आहे. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. ज्यांचा नाही त्यांना विचारू." आणि मी गप्प बसले. बोलायला आमच्या घरभेटीच्या नर्सबाई होत्या. त्या दर सोमवारी एक यादी काढतात: मधुमेहाचे कोणते रुग्ण वर्षभरात पाय दाखवायला आलेले नाहीत. तिकडच्या जमातींमध्ये मधुमेहाने फार नासधूस केली आहे. पाय वेळेवर पाहिला नाही तर बोट जातं, मग पाऊल जातं. ही यादी आरपीएमएसमधून काही मिनिटांत निघते, कारण अशाच कामासाठी ती पिढीभर घासून घासून गुळगुळीत झालेली आहे. नव्या संचाच्या विक्रेत्याला बाईंनी विचारलं, तुमच्यात निघेल का? तो म्हणाला, निघेल, पण ती वेगळी बनवून घ्यावी लागेल, तिचा खर्च वेगळा.

मग बाईंनी दुसरी गोष्ट काढली, ती मलाही सुचली नव्हती. आमच्याकडे कित्येक घरांना रस्त्याचं नाव नाही, घराला क्रमांक नाही. आरपीएमएसमध्ये 'घराचं ठिकाण' म्हणून एक मोकळी जागा आहे, तिथे हव्या तितक्या ओळी लिहिता येतात. "डांबरी संपली की डावीकडे, पाण्याच्या टाकीनंतर तिसरं घर, निळं छप्पर, कुत्रा बांधलेला नसतो." नव्या संचात जुन्या नोंदी नेताना ही जागा कुठे जाणार? विक्रेत्याने त्याचा तक्ता पाहिला. पत्त्याच्या एका ओळीत जाईल, म्हणाला. उरलेलं कापलं जाईल.

मंडळात एक आजी होत्या. तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "निळं छप्पर माझ्या बहिणीचं आहे." बस्स, एवढंच. पण त्यानंतर खोलीतली हवा बदलली.

पुढचं काम हिशेबाच्या साहेबांचं होतं. त्यांची भीती अशी की आपण एका मेलेल्या तंत्राला कवटाळून बसलो आहोत. ती घालवायला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की अमेरिकेतल्या मोठमोठ्या इस्पितळांत चालणारी एपिक ही यंत्रणा आपल्या नोंदी एमच्याच कुळातल्या डेटाबेसमध्ये ठेवते. म्हणजे ज्याला आपण अडगळ म्हणतो, ते शहरातल्या झगमगीत इस्पितळात वरून रंग देऊन वापरलं जातं. शिवाय एमची मोफत आवृत्तीही आहे, तेव्हा एका कंपनीने दुकान बंद केलं म्हणून आपण उघड्यावर पडणार नाही.

दुसरी गोष्ट निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांची. आमची यंत्रणा त्यांच्याच यंत्रणेची धाकटी बहीण. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या काही डॉक्टरांनी आणि प्रोग्रॅमरांनी वरच्या कार्यालयाचा विरोध पत्करून एम मध्ये ती उभारायला घेतली. मोठ्या मध्यवर्ती संगणकाचा आग्रह धरणाऱ्यांनी यंत्रं काढून नेली, काहींच्या नोकऱ्या गेल्या. १९८२ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली. पुढे तिचं नाव 'व्हिस्टा' झालं. २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा शहरातल्या कागदी नोंदी भिजून गेल्या. पण या सैनिकांच्या नोंदी दुसऱ्या गावांतल्या डॉक्टरांना काही दिवसांत वाचता आल्या.

पुढे २०१८ साली व्हिस्टा बदलून बाजारातली यंत्रणा आणायचा सुमारे १००० कोटी डॉलरचा करार झाला. २०२० च्या ऑक्टोबरात स्पोकेन शहरातल्या इस्पितळात ती सुरू झाली. सरकारी तपासनिसांच्या २०२२च्या अहवालानुसार पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांच्या ११ हजारांहून अधिक सूचना कुणाला ठाऊक नसलेल्या एका रांगेत जाऊन पडल्या, आणि १४९ रुग्णांना त्याची झळ बसली. २०२३च्या एप्रिलमध्ये पुढची इस्पितळं जोडणं थांबवावं लागलं. म्हणून नवं ते वाईट, असं मी बैठकीत म्हटलं नाही, इथेही म्हणत नाही. एवढंच म्हटलं, की त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती, तरी असं झालं. आपल्याकडे दोन नर्सा आहेत.

हे सगळं बोलून झाल्यावर मी एक कागद पुढे केला. माझ्या मते वाद जिंकला गेला तो या कागदामुळे. त्यावर यंत्रणा ठेवण्याच्या अटी होत्या, आणि त्या मी माझ्यावरच घातल्या होत्या. जमातीतल्या दोन मुलामुलींना मी दोन वर्षांत हे काम शिकवीन. दर महिन्याला राखीव प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून, ती खरोखर उघडते का ते नर्सबाईंच्या देखत दाखवीन. नुसती प्रत काढली म्हणून समाधान मानणारे कितीतरी दवाखाने पुढे रडलेले आहेत. वर्षातून एकदा सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत काढून ठेवीन, म्हणजे उद्या घर बदलायचं ठरलं तर सामान बांधलेलंच असेल. आणि दोन वर्षांत मुलं शिकली नाहीत, तर मी स्वतः येऊन सांगेन की आता बदला.

हिशेबाच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. "शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत म्हणून मी सही करतो," म्हणाले. माझ्या आकृत्यांचा त्यांनी पुढे कधी उल्लेख केला नाही, मीही केला नाही.

दोन मुलं घेतली. मुलगा सहा महिन्यांत सोडून गेला, त्याला शहरात चांगली नोकरी लागली. त्याचा मला राग नाही. मुलगी राहिली. पहिल्या दिवशी तिला प्रोग्रॅमची एक ओळ दाखवली. एम मध्ये एका अक्षराची आज्ञा चालते, जुन्या काळी संगणकातली जागा महाग होती म्हणून. ती म्हणाली, "हे काय, कुणी शिंकलंय का?" आज ती ओळ तिला माझ्यापेक्षा चांगली वाचता येते.

हा विजय कायमचा होता असं समजू नका. २०२३ च्या शेवटी इंडियन हेल्थ सर्व्हिसनेच आरपीएमएसच्या जागी नवी यंत्रणा आणायचं काम दिलं. आज ना उद्या आमच्या मंडळालाही पुन्हा निर्णय घ्यावा लागेल, आणि या वेळी मी 'ठेवा' म्हणेन की 'बदला' म्हणेन, ते खरंच ठरलेलं नाही. खात्यातले सगळे दवाखाने एका दिशेने गेले तर एकट्याने मागे राहण्याची किंमतही मोजावी लागते. पण आता हा प्रश्न मुख्यतः माझा राहिलेला नाही. इथे यायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी ती मुलगी विक्रेत्यांना पाठवायची प्रश्नावली घेऊन बसली होती. तिने पहिला प्रश्न लिहिला होता: 'घराचं ठिकाण' या जागेतल्या किती ओळी तुम्ही जशाच्या तशा आणू शकता?