कुंपणाकडेची कबर



बुलडाण्यातल्या या ख्रिस्ती परिषदेचा मी अध्यक्ष आहे.  अध्यक्षाने मराठी मंडळ्यांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. 1842 साली अहमदनगरात 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, रेव्हरंड टिळकांनी आपल्याला आपल्या मातीतली भजने दिली, वऱ्हाडात अलायन्स मिशनने अकोला, खामगाव, बुलडाणा असा संसार मांडला. हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातली एकच गोष्ट मी पुढे नेतो. 1899-1900च्या दुष्काळात मिशनने वऱ्हाडातल्या अनाथ लेकरांना आसरा दिला. आपल्यातल्या कित्येकांच्या पणज्या त्या लेकरांतल्या. त्यांना ताट वाढण्याआधी कोणी विचारले नाही की तुमच्या आईबापाने काय पाप केले होते. आपल्या मंडळ्यांचा पाया असा पडला. आज त्याच मंडळ्या दारात उभ्या राहून पापाचा हिशेब मागतात, ही माझी तक्रार आहे. ती मांडण्यासाठी मी बरीच वर्षे अशा व्यासपीठाची वाट पाहिली.

आपल्या जिल्ह्यातल्या एका गावी मंडळीतल्या एका शेतकऱ्याने स्वतःचा जीव घेतला. नापिकीची सलग वर्षे, बँकेचे कर्ज, त्यावर सावकाराचे. वडीलजनांची बैठक झाली आणि निर्णय आला: आत्महत्या पाप आहे, त्याला आपल्या माणसांच्या रांगेत जागा नाही. कबर कुंपणाकडे खणली गेली. घंटा वाजली नाही. मला पाहुणा म्हणून बोलावले होते, तेही दोन शब्दांची प्रार्थना करून मोकळे व्हा, अशा अटीवर. त्याच्या बायकोने मला एवढेच विचारले, "पाळकसाहेब, त्यायले देवानंबी टाकून देल्लं काय?" मी तिथेच शास्त्र उघडले आणि पूर्ण दफनविधी केला. पण ती बाई पुन्हा उपासनेला आली नाही. तिची मुलेही आली नाहीत.

ज्याच्या व्याजाने तो माणूस दबला होता, तो त्याच मंडळीतला होता आणि त्या बैठकीत बसला होता. व्याजाने गरिबाला पिळणे शास्त्रात पाप नाही काय? त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारला नाही. आपली शिस्त मेलेल्यावर चालते, कर्जदारावर चालते, पोटुशी राहिलेल्या मुलीवर चालते. वर्गणी मोठी असली की शिस्तीचा आवाज बसतो. अशा शिस्तीला पवित्रता म्हणायला मी तयार नाही.

शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात बुलडाणा होता. म्हणजे सरकारदेखील मान्य करत होते की हे मरण एकट्या माणसाच्या दुबळेपणातून येत नाही. कायदाही हलला. भारतीय दंड संहितेच्या ज्या 309 कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तुरुंग होता, त्याची धार 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने काढली. असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याची काळजी घ्यावी, असे तो कायदा सांगतो. 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम तसे उरलेलेच नाही. रोमन कॅथलिक मंडळीच्या 1917च्या नियमांत आत्महत्या करणाऱ्याला दफनविधी नाकारला होता. 1983च्या नियमांत ती अट नाही. फौजदार जिथे नरमला, तिथे पाळकाने काठी उगारून बसावे काय?

सकाळच्या चर्चेत काही बंधू म्हणाले की प्रेमाची भाषा वाढली की पापाची भीती जाते. त्यांना मी अनुभवाने उत्तर देतो. एक माणूस दारू पिऊन बायकोला मारायचा. मंडळीने त्याला प्रभुभोजनातून काढले, नाव वेदीवरून वाचले. त्याने मारणे वाढवले, कारण चारचौघांत गेलेल्या अब्रूचा राग तो घरात काढू लागला. मी आधी त्या बाईची आणि लेकरांची सोय तिच्या माहेरी केली. प्रेम आधी मार खाणाऱ्याकडे जाते, हे विसरू नका. मग संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसू लागलो. तू करतोस ते पाप आहे, हे मी त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. पण सांगून उठून गेलो नाही. पऱ्हाटीचे, बोंडअळीचे, मेलेल्या भावाचे सगळे ऐकले. पुढे एका रविवारी तो आपणहून उभा राहिला आणि बायकोची माफी मागितली. त्याची पापाची जाणीव कमी झाली, असे कोणी म्हणेल काय?

पंडिता रमाबाईंचे आपण नाव घेतो, त्यांचा धडा घेत नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी लंडनमध्ये एक काम पाहिले. समाजाने वाऱ्यावर सोडलेल्या स्त्रियांना तिथल्या धर्मभगिनी मायेने सांभाळत होत्या. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंनी ती गोष्ट मनात ठेवली आणि केडगावात अशा स्त्रियांसाठी 'कृपासदन' बांधले. त्या गोष्टीत येशू त्या बाईचे सारे आयुष्य तिला सांगतो, काही झाकत नाही. पण आधी तो तिच्याकडे पाणी मागतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीच्या बाबतीतही हाच क्रम आहे: आधी दगड खाली पडतात, मग पाप सोडण्याची आज्ञा येते. आपण हा क्रम उलटा केला. आधी सुधार, मग आत ये, असे आपण म्हणतो.

परिषदेने काही कामे हाती घ्यावीत. आत्महत्येने गेलेल्यांसाठी मराठीत दफनविधीची प्रार्थना लिहावी. अशा घरांना वर्षभर भेटी देण्याची काही व्यवस्था लावावी. व्याजाबद्दल वडीलजनांशी उघड बोलावे. तपशील तरुण पाळकांनी ठरवावा. माझ्याजवळ त्याचा आराखडा नाही, आग्रह मात्र आहे.

आणि तोपर्यंत एवढे करा. उद्या तुमच्या गावी बैठक बसली आणि कोणी म्हणाले की याला आपल्या रांगेत जागा नाही, तर पाळकाने कमिटीच्या तोंडाकडे पाहू नये. मृताच्या बायकोशेजारी उभे राहावे आणि पूर्ण विधी करावा. त्यापायी नेमणूक गेली तर जाऊ द्यावी. मेंढरू वाचवताना गेलेली नोकरी कोणत्याही मेंढपाळाला शोभते.